सिपादानची भिंत: कासवांची अंडी, एक खटला आणि मोजके परवाने

मलेशियाच्या साबा राज्यातल्या सेंपोर्नाहून स्पीडबोटीने निघालं की साधारण तासाभरात सिपादान बेट लागतं. क्षेत्रफळ ०.१३ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम ३२ एकर. किनाऱ्याची वाळू संपते, कमरेइतक्या पाण्यात पोवळ्यांचा अरुंद पट्टा लागतो आणि पुढे अचानक तळच उरत नाही. फिकट हिरवं पाणी एका रेषेत गडद निळं होतं. त्या रेषेखाली उभी भिंत आहे आणि ती सहाशे मीटरहून खोल उतरत जाते.

मलेशियाची बहुतेक बेटं उथळ समुद्रात आहेत. सिपादान मात्र समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखी पर्वताचा माथा आहे आणि त्याच्यावर हजारो वर्षं पोवळ्यांनी थर चढवले आहेत. त्यामुळे एरवी भर समुद्रात राहणारे मासे इथे किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर येतात. भिंतीवर आदळणारा प्रवाह अन्न घेऊन येतो, म्हणून तिथे माणसाहून रुंद समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराची पोवळी) आणि पिंपाएवढे स्पंज वाढतात. कपारींमध्ये पांढऱ्या टोकाच्या पंखांचे शार्क विसावतात आणि बराकुडा माशांचे थवे भोवऱ्यासारखे फिरत राहतात. हिरवी कासवं तर इतकी, की एकाच डुबकीत ती मोजणं लवकरच सोडून द्यावं लागतं.

मालवण-तारकर्लीला पहिली डुबकी मारलेल्या माणसाला पायाखाली खडक आणि वाळू दिसण्याची सवय असते. सिपादानला पायाखाली फक्त निळाई. हौशी डायव्हरसाठी ४० मीटरची मर्यादा असते आणि इथे ती ओलांडताना अडवायला तळ नसतो. सगळी भिस्त बॉयन्सीवर, म्हणजे न बुडता-न तरंगता एका खोलीवर राहण्याच्या कौशल्यावर, खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर आणि जोडीदारावर. भिंतीत चुनखडीची एक गुहाही आहे आणि तिच्यात कासवांचे सांगाडे पडलेले आहेत. म्हातारी कासवं मरायला तिथे जातात, असं पूर्वी सांगितलं जाई. खरं कारण साधं आणि जास्त चटका लावणारं आहे. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. अंधारात वाट चुकली की ते बुडून मरतं.

पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेण्याचं उपकरण जाक-इव्ह कुस्तो आणि एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये तयार केलं. त्याआधी ही भिंत कोणी नीट पाहणं शक्यच नव्हतं. लोकांना बेट माहीत होतं ते किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या कासवांमुळे. आसपासच्या बेटांवरचे लोक ती अंडी गोळा करत आणि त्यावरून हक्कांचे वादही होत. त्या काळी उत्तर बोर्निओचा, म्हणजे आजच्या साबाचा कारभार एका ब्रिटिश कंपनीकडे होता. तिने १९१७ मध्ये कासव संरक्षणाचा कायदा केला आणि अंडी गोळा करायला परवाने लावले. १९३३ मध्ये सिपादान पक्ष्यांसाठी राखीव झालं. १९६२ मध्ये तिथे दीपगृह उभं राहिलं, पुढच्याच वर्षी शेजारच्या लिगितान बेटावरही. ही किरकोळ सरकारी कामं पुढे निर्णायक ठरली.

बेट नक्की कोणाचं, हा प्रश्न वसाहतकाळापासून लोंबकळत होता. १८९१ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्स यांनी बोर्निओतली हद्द ठरवली; पुढे ब्रिटनचा भाग मलेशियाकडे आणि डचांचा इंडोनेशियाकडे आला. ४ अंश १० मिनिटं उत्तर या अक्षांशावर ती सेबातिक बेट ओलांडून पूर्वेकडे गेली. सिपादान या रेषेच्या किंचित दक्षिणेला येतं. इंडोनेशियाचं म्हणणं असं, की रेषा समुद्रातही तशीच पुढे जाते, म्हणून बेट आमचं. मलेशियाचं म्हणणं, रेषा सेबातिकच्या पूर्व किनाऱ्यावरच थांबते. १९६९ मध्ये सागरी हद्दीच्या वाटाघाटी करताना हा वाद उघडपणे पुढे आला. तो मिटायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

त्याच तीन दशकांत डायव्हर आले. १९८० च्या दशकात बेटावर डायव्हिंगचे रिसॉर्ट सुरू झाले. तोवर तिथे कायमची वस्ती नव्हती. दशकाच्या शेवटी कुस्तोंच्या पथकाने इथे माहितीपट चित्रित केला आणि सिपादानचं नाव जगभर पोचलं. वाळूवर झोपड्या, जेवणघरं, डायव्हरांच्या टाक्यांत हवा भरणारे कॉम्प्रेसर, सांडपाणी असं सगळं ३२ एकरांत आणि भिंतीला लागून वाढू लागलं.

दोन्ही देशांनी प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. १७ डिसेंबर २००२ रोजी निकाल लागला: १६ विरुद्ध १ मतांनी सिपादान आणि लिगितान ही दोन्ही बेटं मलेशियाची. जुन्या करारांवरून कोणाचाच हक्क सिद्ध होत नाही, असं न्यायालय म्हणालं. मग प्रश्न उरला, प्रत्यक्ष कारभार कोणी केला. १९६९ नंतर उभारलेल्या रिसॉर्टना त्यात वजन मिळालं नाही, कारण वाद सुरू झाल्यावर केलेल्या कृतींनी हक्क वाढत नाही. वजन मिळालं कासवांच्या अंड्यांच्या परवान्यांना, पक्ष्यांच्या राखीव क्षेत्राला आणि दीपगृहांना, ज्यांच्यावर इंडोनेशियाने किंवा त्याआधी डच सरकारने कधी हरकत घेतली नव्हती. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ज्याने बेटाची काळजी वाहिल्याच्या नोंदी ठेवल्या, बेट त्याचं ठरलं.

त्याआधी २३ एप्रिल २००० रोजी बेटावर हल्ला झाला होता. अबू सय्याफ या फिलिपीन्समधल्या अतिरेकी गटाच्या बंदूकधाऱ्यांनी पर्यटक आणि कामगार मिळून २१ जणांना बोटींतून फिलिपीन्समधल्या जोलो बेटावर पळवून नेलं. त्यांतल्या बहुतेकांची सुटका व्हायला महिने लागले. त्यानंतर सिपादानवर सशस्त्र पहारा आला.

मालकी पक्की झाल्यावर सरकारने कठोर पाऊल उचललं. २००४ च्या अखेरीस सगळे रिसॉर्ट बेटावरून हलवायला लावले, मुक्काम बंद केला आणि रोजच्या डायव्हरांची संख्या परवान्यांनी बांधली. ही मर्यादा बराच काळ १२० होती. पुढे ती बदलत गेली. व्यवसायाचं नुकसान झालं, तरी हा निर्णय बरोबरच होता. खरं तर तो दहा वर्षं आधी व्हायला हवा होता. अशा बेटावर पोवळ्यांचा उथळ पट्टा इतका अरुंद असतो, की सांडपाणी असो की बोटीचा नांगर, थेट भिंतीच्या माथ्यावरच घाव बसतो. मे २००६ मध्ये ते दिसलंच. बेटावरच्या बांधकामासाठी खडी, वाळू आणि यंत्रं घेऊन आलेला एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) किनाऱ्यावर चढला आणि बोटींचा धक्का ते बराकुडा पॉइंट ही डायव्हिंगची जागा या भागातली पोवळी खरवडून गेला. माथ्यावरून तुटलेली पोवळी भिंतीवरून गडगडत खाली गेली. मर्यादा डायव्हरांवर होती, बांधकामाच्या सामानावर नव्हती.

रिसॉर्ट गेले ते फार लांब नाही. माबुल आणि कापालाई ही शेजारची ठिकाणं आता पर्यटकांच्या मुक्कामाची आहेत. माबुलवर बजाऊ या समुद्रावर जगणाऱ्या लोकांची दाट वस्तीही आहे. पर्यटक सकाळी तिथून सिपादानला येतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. २०१४ मध्ये माबुलवर हल्ला झाल्यानंतर या समुद्रात रात्रीची संचारबंदीही लावली गेली. सिपादानवरचा भार हलका झाला, पण सांडपाणी, कचरा आणि बोटींची वर्दळ माबुलच्या वाट्याला आली. सेंपोर्नाच्या परिसरात स्फोटकं टाकून मासेमारी करण्याचा प्रकारही पुरता थांबलेला नाही. तिथल्या उथळ पोवळ्यांना सिपादानसारखी परवान्यांची ढाल अजून मिळालेली नाही.