गरोदरपणात सांधे खरंच ‘बरे’ होतात का? ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची पार्श्वभूमी

डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या सहज हातात चढल्या, आणि बाळ सव्वा महिन्याचं होईतो त्याच बोटांना लंगोटाची गाठ मारता येईना. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार, असलेल्या कितीतरी बायका हे असंच सांगतात. घरात उत्तर तयारच असतं: बाळंतिणीला वारं लागलं, कान बांधले नाहीत, शेक कमी पडला. या समजुतीपायी उपचार लांबतात आणि तेवढ्या काळात सांध्यांची झीज होऊन जाते. बाळंतपणानंतर दुखणं उसळतं, हे वैद्यकाला मात्र फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

१८०० साली पॅरिसमध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन झालं, तेही मुख्यतः गरीब स्त्रियांकडे पाहून. हार्मोनची गोष्ट सुरू होते ती १९३० च्या दशकात. दिवस गेले किंवा कावीळ झाली की सुजलेले सांधे मोकळे होतात, हे अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी टिपून ठेवलं. शरीरच असा काही पदार्थ बनवत असावं, या तर्काचा माग काढत सप्टेंबर १९४८ मध्ये २९ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड हार्मोन टोचलं गेलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळालं. स्टेरॉइडच्या त्या गाजावाजात गरोदर बाईच्या सांध्यांचं नेमकं काय होतं, हा मूळ प्रश्न मागे पडला.

घोळ आहे तो ‘रेमिशन’, म्हणजे आजार शमणं, या शब्दात. गरोदरपणात चारांपैकी तिघींना आराम पडतो, असं पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षं छापलं जात होतं. पण आराम म्हणजे किती? १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये १४० गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला गेला. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश जणींनी दुखणं किंवा सूज कमी झाल्याचं सांगितलं. आजार पूर्ण शमलेला आढळला फक्त १६ टक्क्यांत. २००८ च्या डच अभ्यासात, ज्यांचा आजार सुरुवातीला बऱ्यापैकी जोरात होता अशांपैकी सुमारे निम्म्या सुधारल्या, आणि बाळंतपणानंतर ३९ टक्क्यांचा आजार पुन्हा उसळला. मोजमापातही अडचण होती. गरोदरपणात ईएसआर, म्हणजे दाह मोजणारी रक्ताची एक तपासणी, आपसूकच वाढतो, पाय सुजतात, कंबर दुखते, थकवा येतो. नेहमीची मोजपट्टी लावली तर निरोगी बाईसुद्धा आजारी दिसेल. म्हणून सीआरपी या दाहाच्या दुसऱ्या रक्ततपासणीवर आधारलेली वेगळी मोजणी वापरावी लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती आहे. कारण ‘नऊ महिने आराम पडेल’ या भरवशावर औषधं बंद झाली, आणि ज्या निम्म्या जणींना आराम पडला नाही त्या तशाच सोसत राहिल्या.

गर्भनिरोधक गोळीचा वादही असाच लांबला. गोळी घेणाऱ्यांत हा आजार जवळपास निम्म्याने कमी दिसतो, असं १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीतून पुढे आलं. युरोपातल्या काही अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला, अमेरिकेतल्यांना तसं काही सापडलं नाही. तुलनेसाठी कुठल्या बायका निवडल्या, यावरच बरीच वर्षं खल झाला. पाळी गेल्यानंतर बाहेरून हार्मोन दिल्याने हा आजार टळतो का, हेही तपासलं गेलं. २००८ मध्ये आलेल्या विश्लेषणात ठोस फायदा दिसला नाही.

दरम्यान नजर रक्तावरून सांध्याकडे वळली. हा आजार असलेल्या बायकांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बहुधा इतरजणींइतकंच असतं. डीएचईएएस हे अँड्रोजेन (पुरुषी गटातलं, पण बायकांतही असणारं हार्मोन) मात्र अनेकींत कमी आढळतं. सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात अरोमाटेज नावाचं एन्झाइम अँड्रोजेनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं, म्हणून सांध्यातल्या पाण्यात या दोन हार्मोनचं प्रमाण बिघडलेलं दिसतं. शिवाय इस्ट्रोजेन गरोदरपणातल्याएवढं भरपूर असताना दाह दाबतं, कमी असताना उलट वागू शकतं. त्यामुळे ‘हार्मोनची टेस्ट नॉर्मल आली’ एवढ्यावर बाईचं म्हणणं मोडीत काढता येत नाही. पाळीच्या आसपास सकाळचा आखडलेपणा वाढतो, हे बायका सांगत आल्या आहेत आणि काही छोट्या अभ्यासांत तसं दिसलंही आहे.

सगळं श्रेय हार्मोनला देण्यालाही १९९३ मध्ये धक्का बसला. बाळाचे एचएलए, म्हणजे पेशींवरचे ओळखचिन्हांचे रेणू, आईपेक्षा वेगळे असतील तर आराम पडण्याची शक्यता जास्त दिसली. एकाच बाईला पहिल्या खेपेला बरं वाटावं आणि दुसऱ्या खेपेला नाही, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो.

आता मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं नेहमीचं, पण गर्भाला घातक औषध दिवस राहण्याआधीच थांबवून गरोदरपणात चालणारी औषधं सुरू ठेवतात, बायोलॉजिक, म्हणजे जैविक प्रथिनांपासून बनवलेल्या औषधांपैकीही काही त्यात आली. बाळंतपणानंतर कुठलं औषध कधी वाढवायचं, हे सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवून ठेवता येतं.