हाती घडवलेल्या व्हायोलिनला तारा चढवताना

चारही तारा एकदम उतरवू नका. घोडी (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) आणि पोटातला साउंड पोस्ट (वरच्या फळीला आतून टेकू देणारा उभा लाकडी दांडा) कशानेही चिकटवलेले नसतात, तारांच्या दाबावरच उभे असतात. एक तार काढा, नवी चढवून सुराच्या जवळपास आणा, मगच दुसरीला हात लावा. तरीही आत काही खडखडलं आणि पोस्ट आडवा दिसला, तर लगेच सगळ्या तारा सैल करा. टेकू नसताना ताण राहिला तर वरची फळी खचते, तडकतेही. पोस्ट स्वतः उभा करायला जाऊ नका. व्हायोलिन आमच्याकडे आणा.

जुनी तार निघाली की नटच्या (खुंट्यांजवळची, तारा टेकणारी छोटी पट्टी) आणि घोडीच्या खाचेत मऊ शिसपेन्सिल फिरवा, म्हणजे तार न अडकता सरकते. फाइन ट्यूनरचा (टेलपीसवरचा, सूर बारीक जुळवण्याचा) स्क्रू मध्यावर आणा. टेलपीस म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी. स्क्रू पार आत गेला की ट्यूनरचा खालचा दांडा फळीला ओरखडा पाडतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तारेचं टोक खुंटीच्या भोकातून जेमतेम 1 सेंमी बाहेर काढा. पहिला वेढा टोकावरून घ्या, पुढचे शेजारी शेजारी, खुंटीच्या मुठीच्या बाजूला. शेवटचा वेढा खुंट्यांच्या पेटीच्या भिंतीजवळ यावा, पण भिंतीला घासू नये; घासला तर तार कापली जाते किंवा खुंटी अडकते. पिळताना खुंटी आत दाबत राहा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, खुंट्या फुगून बसतात. जोर लावू नका, व्हायोलिन कोरड्या खोलीत ठेवा. उन्हाळ्यात त्याच खुंट्या निसटतात, तेव्हा थोडा खडू पुरतो.

प्रत्येक तारेनंतर घोडी बाजूने बघा. ताणताना तिचा माथा फिंगरबोर्डकडे (बोटं ठेवायच्या पट्टीकडे) ओढला जातो. टेलपीसकडची बाजू फळीशी काटकोनात हवी. कलली असेल तर माथा दोन्ही हातांनी धरून हळूच मागे घ्या. कललेली तशीच राहिली तर कायमची वाकते.

आता सुराविषयी. बाजारातला नेहमीचा संच जाड तारेपासून पांढरी पाच, दोन, सहा, तीन (हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे G, D, A, E) या सुरांसाठी बनवलेला असतो. पांढरी पाचला सा धरून सा-प-सा-प लावलं, तर बारीक दोन तारा एकेक पूर्ण सूर खाली येतात. त्यांचा ताण साधारण पाचव्या हिश्शाने घटतो आणि गजाखाली त्या ढिल्या वाटतात. पांढरी दोनला सा धरून प-सा-प-सा लावलं, तर सगळ्यात जाड तार पांढरी सहापर्यंत चढवावी लागते, म्हणजे ताण सव्वापट. तारा मागवताना तुमचा सा कुठला आणि लावणी कोणती, हे आधी सांगा. नुसतं ‘चांगला संच द्या’ म्हटल्याने काम भागत नाही.

सिंथेटिक गाभ्याच्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात. पोलादी लवकर स्थिरावतात. सगळ्यात बारीक पोलादी तार घोडीत रुतू नये म्हणून घोडीवर चामड्याची पट्टी किंवा तारेवरची प्लास्टिकची नळी, दोन्हींतलं एकच ठेवा.

तुटलेली तार टाकून देऊ नका, कुठे तुटली ते बघा. नटवर किंवा घोडीवर तुटली असेल तर खाच अरुंद किंवा धारदार आहे. खुंटीपाशी तुटली असेल तर भोकाची कड धारदार आहे. तेवढी जागा आम्ही घासून देतो.