पोलीस ठाणे (महाराष्ट्र)

पोलीस ठाणे : राज्य शासनाने अधिसूचनेद्वारे ठरवून दिलेल्या हद्दीत गुन्ह्यांची नोंद, तपास, प्रतिबंधक कारवाई आणि बंदोबस्त ही कामे करणारे पोलीस दलाचे मूळ कार्यालय. पोलीस महासंचालकांपासून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यापर्यंतची उतरंड प्रामुख्याने देखरेखीची आहे. नागरिकाचा पोलिसांशी जो संबंध येतो, तो बहुतेक वेळा ठाण्यातच. त्यामुळे पोलीस सुधारणांच्या कोणत्याही कायद्याचे खरे मोजमाप ठाण्याच्या हजेरीपटावर आणि तिथल्या लिखापढीत होते.

कायदेशीर पार्श्वभूमी : १८५७ नंतर आलेला १८६१ चा पोलीस कायदा देशात बहुतेक ठिकाणी लागू झाला, पण मुंबई इलाख्याने आपली वाट वेगळी ठेवली. जिल्ह्यांसाठी १८६७ चा आणि पुढे १८९० चा जिल्हा पोलीस कायदा, तर मुंबई शहरासाठी १९०२ चा स्वतंत्र कायदा होता. हे दुहेरीपण १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने संपवले. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. आयुक्तालय आणि जिल्हा या दोन पद्धती मात्र कायम राहिल्या. आयुक्तालयात (मुंबई, पुणे, नागपूर, २०१८ पासून पिंपरी-चिंचवड, २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार इ.) पोलीस आयुक्ताला दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार असतात. जिल्ह्यात ते महसूल यंत्रणेकडे असतात, म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाच्या (सराईत किंवा संशयित व्यक्तीकडून नीट वागण्याची हमी घेण्याच्या) प्रकरणासाठी ग्रामीण ठाण्याला तहसील किंवा प्रांत कार्यालयाच्या तारखा सांभाळाव्या लागतात.

रचना : शहरातल्या ठाण्याचा प्रभारी वरिष्ठ पोलीस निरीक्षक, तालुक्याच्या ठाण्याचा निरीक्षक आणि लहान ठाण्याचा बहुधा सहायक पोलीस निरीक्षक असतो. त्याखाली उपनिरीक्षक, सहायक उपनिरीक्षक, हवालदार आणि शिपाई. हवालदार व शिपाई यांच्यामधले पोलीस नाईक हे पद २०२२ मध्ये रद्द करण्यात आले. शिपायाला हवालदारपद लवकर मिळावे आणि तपास करू शकणाऱ्या अंमलदारांची (उपनिरीक्षकाखालील पोलिसांची) संख्या वाढावी, हा त्यामागचा हेतू. हद्द बीटांमध्ये, म्हणजे गस्तीच्या लहान भागांमध्ये, वाटलेली असते. शहरात बीट चौकी, ग्रामीण भागात दूरक्षेत्र (ठाण्याची बाहेरची चौकी) आणि गावपातळीवर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील, अशी साखळी खाली जाते. गडचिरोलीत उपपोलीस ठाणे व सशस्त्र पोलीस मदत केंद्र हे आणखी दोन प्रकार दिसतात.

ठाण्याच्या आतली कामाची वाटणी पदापेक्षा टेबलावर ठरते. दर्शनी टेबलावर ठाणे अंमलदार बसतो. येणाऱ्याचे म्हणणे प्रथम तोच ऐकतो आणि स्टेशन डायरी (ठाण्यातल्या घडामोडींची वेळेनिशी नोंदवही) त्याच्या ताब्यात असते. मुद्देमाल कारकून जप्त वस्तू सांभाळतो, बारनिशी कारकून आवक-जावक पाहतो, गोपनीय अंमलदार मोर्चे, सभा आणि चारित्र्य पडताळणी सांभाळतो, समन्स-वॉरंट बजावणीची माणसे वेगळी आणि गुन्हे प्रकटीकरण पथक (बोलीत ‘डीबी’) वेगळे. तपासी अधिकाऱ्याचा रायटर, म्हणजे तपासाची कागदपत्रे लिहिणारा अंमलदार, हा यातला सर्वांत कमी चर्चिला जाणारा घटक. दोषारोपपत्राची भाषा, पंचनाम्याचा क्रम, जबाबांमधला मेळ अनेकदा त्याच्या हातचा असतो. चांगला रायटर बदलून गेला की ठाण्यातले प्रलंबित तपास वाढतात, हे कुठल्याही प्रभारी अधिकाऱ्याला सांगावे लागत नाही.

नोंद आणि तपास : १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्याची माहिती कलम १७३ खाली नोंदवली जाते, अदखलपात्र गुन्ह्याची १७४ खाली. अदखलपात्र प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी फिर्याद घ्यावी लागते आणि मग ती शून्य क्रमांकाने संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. इलेक्ट्रॉनिक माध्यमाने माहिती दिल्यास ३ दिवसांत येऊन सही करायची असते. ३ वर्षे किंवा अधिक, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली होती. त्या नियमातून ही चौकशी मोठी पळवाट काढून देते.

गुन्हा न नोंदवण्याची सवय कायद्याने मोडलेली नाही. मोबाइल चोरीला गेला असताना तो ‘गहाळ’ झाल्याचा दाखला देणे हे तिचे नेहमीचे रूप. गुन्ह्यांच्या मासिक आढाव्यात आकडा वाढला की प्रभारी अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. जोवर नोंद वाढणे हे अपयश मानले जाते, तोवर ठाणे अंमलदार माणसाला परत पाठवण्याकडेच झुकणार.

तपास संपल्यावर दोषारोपपत्र किंवा अंतिम अहवाल न्यायालयात जातो. मुंबई इलाख्यापासून चालत आलेली वर्गवारी आजही वापरात आहे : ‘अ’ समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरेसा पुरावा हाती नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी व द्वेषाने दिलेली, ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. अहवाल मान्य करायचा की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतो, आणि त्याआधी फिर्यादीला आपले म्हणणे मांडता येते.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले, तर कलम १७६ ने ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळ भेट. दुसऱ्या तरतुदीसाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. खटले कोसळतात ते मात्र बऱ्याचदा साध्या चुकांवर. स्टेशन डायरीतली निघण्याची वेळ पंचनाम्याच्या वेळेनंतरची निघते. मोहोरबंद पाकिटावरची लेबले आणि मुद्देमाल नोंदवहीतले वर्णन जुळत नाही. नमुना प्रयोगशाळेकडे उशिरा जातो आणि मधल्या दिवसांत तो कुणाच्या ताब्यात होता याची नोंदच सापडत नाही. नेहमीचेच पंच पुन्हा पुन्हा वापरले की बचाव पक्षाला फार कष्ट पडत नाहीत.

भरती व प्रशिक्षण : शिपाई पदासाठी १२ वी उत्तीर्ण ही अट आहे. उंची पुरुषांना १६५ सें.मी. व महिलांना १५५ सें.मी. मैदानी चाचणी ५० गुणांची (पुरुषांना १६०० मी., महिलांना ८०० मी. धावणे, दोघांना १०० मी. धावणे व गोळाफेक) आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. उपनिरीक्षकाची ५० टक्के पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या सरळसेवेतून, २५ टक्के विभागीय परीक्षेतून आणि २५ टक्के ज्येष्ठतेने भरण्याची पद्धत आहे. उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत घडतात. ही संस्था १९०६ मध्ये पुण्याच्या भांबुर्डा भागात सुरू होऊन १९०९ मध्ये नाशिकला गेली. शिपायांसाठी मरोळ, खंडाळा, नानवीज, तुरची, जालना, अकोला, नागपूर आदी ठिकाणी प्रशिक्षण केंद्रे आहेत. तिथे कवायत, शस्त्र, कायदा आणि गुन्हेशास्त्र असा अभ्यासक्रम असतो.

खरी अडचण प्रशिक्षणानंतर येते. नवा शिपाई आधी मुख्यालयात किंवा मुंबईत सशस्त्र विभागात जातो. गार्ड, आरोपी पार्टी (आरोपींची ने-आण), बंदोबस्त यात त्याची पहिली काही वर्षे जातात. ठाण्यात येऊन पहिला पंचनामा लिहायची वेळ येते तेव्हा वर्गात शिकलेला कायदा मागे पडलेला असतो, आणि उजळणी पाठ्यक्रमाला माणूस सोडायला ठाणे तयार नसते.

बदल्या व कामाचे तास : पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर राज्याने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली. बदल्या ठरवणारी पोलीस आस्थापना मंडळे आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे तक्रार प्राधिकरण आले, पदावधी ठरला : अंमलदाराला एका ठिकाणी ५ वर्षे, उपनिरीक्षक ते निरीक्षकाला एका ठाण्यात २ वर्षे. मात्र लोकहित किंवा प्रशासकीय निकड दाखवून मुदतीआधी बदली करण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे, आणि ती सढळपणे वापरली जाते.

१२ तासांच्या दोन पाळ्या ही ठाण्याची जुनी घडी. २०१६ मध्ये आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात मुंबईतील देवनार ठाण्यात ८ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला व तो पुढे शहरातल्या इतर ठाण्यांत नेण्यात आला. गणित सोपे आहे : २४ तासांच्या एका जागेला दोनऐवजी तीन माणसे लागतात आणि साप्ताहिक सुटी, रजा, न्यायालयीन हजेरी धरली तर चार ते पाच. गणेशोत्सव, निवडणूक किंवा अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा आला की पाळी मोडते, सुट्या रद्द होतात आणि तपासावरची माणसे रस्त्यावर उभी राहतात. ज्या लहान ग्रामीण ठाण्यात लॉकअप गार्ड, वायरलेस आणि ठाणे अंमलदार एवढे बसवल्यावर हजेरीपट रिकामा होतो, तिथे तीन पाळ्या लावताच येत नाहीत.