देवावर सोडणं वेगळं आणि हात टेकणं वेगळं

बेळगाव कॅम्पात घ्या, खानापूर-नंदगडकडं घ्या नाहीतर निपाणीत, ख्रिस्ती घरात आजारी माणसाला बघायला गेलं की उठताना कोणीतरी म्हणतंच, ‘आता प्रभूची इच्छा, दुसरं काय’. हे म्हणणारी दोन माणसं शेजारी शेजारी बसवली तर ऐकायला सेम टू सेम वाटतील. पण त्यातला एक जण अजून प्रार्थना करूलालाय आणि दुसऱ्यानं कधीच सोडून दिलीय, फक्त वाक्य तेवढं तोंडात राहिलंय. ही गल्लत कॅथलिकांत पण आहे, मेथडिस्टांत पण आहे, त्यामुळे कोणी कोणाकडं बोट दाखवायला नको.

फरक बघायचा तर गेथशेमानेच्या बागेत बघायचा, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभू येशूनं जिथं प्रार्थना केली तिथं, कारण ते वाक्य प्रभूनं स्वतः तिथं म्हटलंय. आपण काय करतो, त्याचा शेवटचा अर्धा भागच घेतो, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. आधीचा अर्धा कुठं गेला? मत्तयाच्या शुभवर्तमानात, २६ व्या अध्यायात, आधी ‘होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ असं सरळ मागणं आहे, म्हणजे मला हे नको आहे हे बापाला तोंडावर सांगितलंय, आणि ते पण एकदा नाही, तीन वेळा जाऊन तेच मागणं केलं. दुसरा शुभवर्तमानकार लूक तर म्हणतो घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. याला कोण शांत बसलेला माणूस म्हणेल? शिवाय शिष्यांना पण सांगितलं की माझ्याबरोबर जागे राहा, म्हणजे एकट्यानं सोसायचा हट्ट पण नव्हता.

हात टेकलेला माणूस मागतच नाही. मागून काय होणार, जे व्हायचं ते होणारच, असं म्हणून तो थेट शेवटच्या ओळीवर येतो. वरून ते लय भक्तीचं दिसतं बघा, पण आत बऱ्याचदा राग असतो नाहीतर नुसता थकवा, आणि राग आला असला तर देवाला तसं सांगायचं ना, बायबलातल्या स्तोत्रसंहितेत किती जणांनी सांगितलंय, ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ म्हणून. येशूच्या आईनं, मरीयेनं सुद्धा, तुला मूल होणार हे ऐकल्यावर ‘मी प्रभूची दासी’ म्हणायच्या आधी देवदूताला विचारलंच की हे कसं होईल. विचारलं म्हणून देवदूत काय रागावला नाही.

आणि प्रार्थनेनंतर काय होतं ते पण बघायला पाहिजे, मला तर वाटतं खरी ओळख तिथंच पटते. बागेतली प्रार्थना संपल्यावर प्रभू झोपलेल्या शिष्यांना म्हणतो, ‘उठा, आपण जाऊ’. समोरून धरायला माणसं येऊलालीत आणि हा उठून त्यांच्याकडं चाललाय. देवावर सोडलेला माणूस असा कामाला लागतो, हात टेकलेला तिथंच बसतो. आपल्यात म्हण आहेच की, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ती या दुसऱ्या माणसाची. शुगरच्या गोळ्या बंद करून ‘मी प्रभूवर सोडलंय’ म्हणणारे असतात, त्यांना मत्तयाचा चौथा अध्याय वाचायला द्यावा. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं तिथं सैतान म्हणतो आणि वर शास्त्रवचन पण काढून दाखवतो. प्रभूनं उडी टाकली नाही, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला.

आता जरा नाजूक गोष्ट. ‘तुझी इच्छा’ हे आपलं आपण म्हणायचं असतं, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्याच नद्या पात्र सोडून बाहेर आल्या आणि जिल्ह्यात किती घरं पडली. अशा वेळी पडक्या घराच्या दारात जाऊन ‘देवाचीच इच्छा हो काकू’ म्हणणं म्हणजे त्या बाईची प्रार्थना आपणच परस्पर संपवून टाकणं. ती स्वतः म्हणाली तर गोष्ट वेगळी, तिनं काय काय सोसून ते म्हटलंय ते तिला माहीत. बायबलातल्या ईयोबाचं मुलंबाळं, धनदौलत सगळं गेलं तेव्हा त्याच्या दोस्तांनी हेच केलं, देवाच्या वतीनं त्याला कारणं समजावत बसले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, रडून भांडून जाब विचारणारा ईयोब बरोबर बोलला म्हणाला. तसंच कोणी मजुरी बुडवत असेल, कोणी घरात बायकोला मारत असेल, तर ती माणसाची करणी आहे, तिच्यावर देवाच्या इच्छेचा शिक्का मारू नये. निपाणीत तंबाखू-विडीच्या कामावरच्या बायका एकत्र येऊन मजुरीसाठी भांडल्या, म्हणून त्यातल्या कोणाची श्रद्धा कमी झाली असं म्हणता येईल काय?

याच्या बरोबर उलटं सांगणारे पण आजकाल भेटतात, उपास-प्रार्थनेत वगैरे, की ‘तुझी इच्छा असेल तर’ असं म्हणूच नका, तो अविश्वास झाला, क्लेम करा, मिळालंच म्हणा. मला हे काय पटत नाही. कुष्ठरोगी प्रभूला म्हणाला, ‘आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात’, आणि प्रभू त्याला रागावला नाही, हात लावला आणि बरं केलं. दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघं, शद्रख, मेशख आणि अबेद्नगो, राजाला म्हणाले आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीच्या पाया पडणार नाही. त्या ‘नाही सोडवलं तरी’ मध्ये अविश्वास कुठं दिसतो सांगा.

ही गल्लत काय आजची नाही. मिगेल दे मोलिनोस म्हणून एक स्पॅनिश पाद्री होता, त्याची शिकवण साधारण अशी की आत्म्यानं पूर्ण निष्क्रिय व्हायचं, काही मागायचं नाही, काही इच्छायचं नाही, मोह आला तरी झगडायचं नाही. १६८७ साली पोप अकरावे इनोसंट यांनी त्याची ६८ विधानं चुकीची म्हणून फेटाळली. म्हणजे मागणंच बंद करणं ही वरची पायरी आहे असं चर्चनं तेव्हाच मान्य केलं नाही.

राहिला प्रश्न, किती दिवस मागायचं आणि कधी थांबायचं. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, मग ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर मिळालं आणि तो थांबला, पण थांबला तो उत्तर ऐकून, कंटाळून नाही. दावीद राजा आजारी बाळासाठी सात दिवस उपाशी जमिनीवर पडून होता, बाळ गेलं कळल्यावर उठला, अंघोळ केली, देवाच्या घरात जाऊन नमन केलं आणि मग जेवला, नोकरांना कळेना हे काय चाललंय. आणि लूक १८ मधली विधवा तर न्यायाधीशाला हैराण होईपर्यंत थांबलीच नाही, आणि प्रभूनं ती गोष्ट सांगितली तीच खचू नका हे सांगायला. तिघांचं तीन तऱ्हेचं आहे, एकच नियम काढायला गेलं तर जमत नाही. त्यामुळे कोणी वर्षानुवर्षं रोजरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, तेच एक नाव घेत असेल तर त्याला ‘आता सोड देवावर’ म्हणायची घाई करू नये, त्यानं कदाचित सोडलेलं पण असेल आणि तरी मागत असेल.