नवीन लॅपटॉप घरी नेताय? चार्जर लावायच्या आधी हे वाचा

बिलासोबत हा कागद आम्ही सगळ्यांनाच देतो. बरेच जण तो पिशवीत तसाच ठेवतात आणि मग आठ महिन्यांनी लॅपटॉप घेऊन येतात, तर कागद अजून त्याच पिशवीत असतो, म्हणून म्हटलं वरच लिहावं की बाबांनो वाचा. आमचं दुकान चिपळूणला. पुढे विक्री आणि मागे दुरुस्तीचं टेबल, म्हणजे विकतो पण आम्हीच आणि खोलतो पण आम्हीच. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं ते चूक नसतं, फक्त ते लिहिणाऱ्याने जून ते सप्टेंबर कोकणात काढलेले नसतात. इथली दमट हवा, इथली लाईट आणि इथल्या मुंग्या धरून काय करायचं ते आम्ही लिहिलंय.

दुकानातून निघताना

बॉक्सवरचा सिरीयल नंबर, लॅपटॉपच्या खाली छापलेला नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही एकच आहेत का ते आमच्यासमोरच बघा. आम्हीही बघतो, पण तुम्हीही बघा. धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी नंबर बिल करायच्या आधी सांगा, नंतर बिल बदलायला लावलंत की आमचे अकाउंटंट आमच्यावर ओरडतात. घरी गेलात की कंपनीच्या साईटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची तारीख तपासा. कधीकधी माल आमच्याकडे यायच्या आधीपासूनच वॉरंटी मोजायला सुरुवात झालेली असते, तेव्हा बिल अपलोड केलं की तारीख दुरुस्त होते. हे पहिल्या आठवड्यातच करून टाका, लॅपटॉप बंद पडल्यावर कुठे पळापळ करता.

पहिल्यांदा चालू करताना

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो म्हणून जरा लांबण लावतो. विंडोज चालू झाली की मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते. तिथे स्वतःचा ईमेल टाका, ज्याचा पासवर्ड तुम्हाला माहितीये आणि ज्याला जोडलेला मोबाईल नंबर अजून चालू आहे असाच. दुकानदाराचा नको, भाच्याचा नको, "तात्पुरता बनवलाय, नंतर बदलू" असला तर अजिबात नको. कारण असं की आताच्या बऱ्याच विंडोज ११ वाल्या लॅपटॉपमध्ये अकाउंट टाकलं की डिस्क आपोआप लॉक होते, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. रोजच्या वापरात काहीच कळत नाही, पण एखाद्या दिवशी बायोस (लॅपटॉप सुरू करणारा आतला मूळ प्रोग्राम) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलावा लागला की निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते. अकाउंट उघडलं तर दोन मिनिटांचं काम, नाही उघडलं तर आत लग्नाचे फोटो असोत नाहीतर पाच वर्षांचे हिशोब असोत, आम्हीपण काढू शकत नाही आणि कंपनीपण नाही. माणसं दुकानात येऊन हात जोडतात हो, "कितीही पैसे घ्या पण काढून द्या", पण तिथे पैशांचा उपयोगच नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी अकाउंटमध्ये जाऊन ती की कागदावर उतरवा आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, बॅग चोरीला गेली तर दोन्ही गेलं.

आम्ही कुठल्याही ग्राहकाचा पासवर्ड लिहून ठेवत नाही, त्यामुळे "तुमच्याकडे असेल ना" असा फोन करू नका.

मग अपडेट. पहिल्या दिवशी बरंच डाउनलोड होतं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावलंत तर दिवसाचा डेटा संपून वर अर्धवट राहतं, त्यापेक्षा शेजाऱ्यांकडे वायफाय असेल तर रात्री तिथे लावा. आमच्याकडे आणून बसलात तरी चालेल, चहा देतो, फक्त तो लॅपटॉपपासून लांब ठेवायचा, का ते पुढे सांगितलंय. तुमच्या मॉडेलबरोबर ऑफिस फुकट मिळालं असेल तर ते सहा महिन्यांच्या आत चालू करावं लागतं, नंतर ऑफर जाते. दरवर्षी जुलैमध्ये घेतलेला लॅपटॉप आणि फेब्रुवारीत प्रोजेक्ट करताना आठवलेलं ऑफिस अशी दोन-तीन मुलं येतातच. आणि क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चोरून चालवलेलं सॉफ्टवेअर, टाकून द्या म्हणू नका, आम्ही टाकत नाही. ओळखीतल्या कुणीतरी टाकून दिलं, मग व्हायरस आला, मग तो काढायला आमच्याकडे आलात असंच होतं शेवटी. वेगळा अँटीव्हायरस सगळ्यांना लागत नाही, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू ठेवलात आणि अपडेट वेळेवर केलेत तर घरच्या वापराला पुरतो. हे सांगून आम्ही आमचंच गिऱ्हाईक घालवतो, पण असो.

मराठी टाईप करायला काही विकत घ्यायची गरज नाही. सेटिंगमध्ये टाईम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी ॲड करा, आत दोन कीबोर्ड मिळतात. इनस्क्रिप्ट शिकावा लागतो, फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांनी 'नमस्कार' लिहिलं की मराठीत उमटतं. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. जुन्या फाँटमधल्या फायली नव्या लॅपटॉपवर गिचमिड दिसल्या तर लॅपटॉप बिघडलेला नाही, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्याव्या लागतील.

लाईट, अर्थिंग आणि वीज

"लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात" ही तक्रार घेऊन महिन्याला कुणी ना कुणी येतंच, आणि मेटल बॉडीचा लॅपटॉप असेल तर हमखास. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा काहीच खोट नसते. चार्जरच्या आत फिल्टरचा छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी बारीक करंट निघतो तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. घराला अर्थिंगच नसेल, किंवा थ्री पिनचं सॉकेट आहे पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच जोडलेली नाही, तर तो बॉडीवर येतो आणि तुमच्या हाताला जाणवतो. जुन्या घरांत हे सर्रास आहे. तिसरी पिन कापून टू पिनमध्ये घुसवणारे तर आमचे आवडते ग्राहक. इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. तो खर्च लॅपटॉपसाठी नाही, घरात गिझर आणि वॉशिंग मशीनपण आहे.

मे अखेरचा वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळी आमच्या टेबलावर जागा नसते. गडगडायला लागलं की चार्जर सॉकेटमधून ओढून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटणाच्या आतली फट वीज सहज ओलांडते. लॅन केबल, म्हणजे राऊटरची इंटरनेटची वायर, लावत असाल तर तीपण काढा, खूप जण ही विसरतात आणि मग चार्जर ठीक असतो पण राऊटर आणि लॅनचं पोर्ट दोन्ही जळलेलं. तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर चालतोच, त्यासाठीच तर ती आहे. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत वीज न देणारा, असेल आणि त्यावर चार्जर गुणगुणत असेल, नेहमीपेक्षा जास्त तापत असेल तर त्यावर लावू नका.

चार्जर खराब झाला तर बाजारात स्वस्तातला मिळतो, पिन पण बसते. पण पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही. चार्जरवर व्होल्ट आणि अँपियर छापलेले असतात, समजा १९.५ व्होल्ट ३.३३ अँपियर, म्हणजे ६५ वॅट. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको. काही लॅपटॉप तर चार्जर ओळखतात, ओळखीचा नाही वाटला तर चालू होतात पण बॅटरी चार्ज करत नाहीत, आणि मग लोक बॅटरी बदलायला येतात.

बॅटरी

"आधी आठ तास चार्ज करा, मग पूर्ण उतरवा" हे जुन्या बॅटऱ्यांचं. आताच्या लिथियम बॅटरीला पूर्ण उतरणंही सोसत नाही आणि दिवसरात्र शंभरवर बसणंही सोसत नाही. लॅपटॉप दुकानात किंवा ऑफिसात कायम चार्जरवरच असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच मॉडेलमध्ये असते. लेनोवोत तिला कॉन्झर्व्हेशन मोड म्हणतात, असूसच्या ॲपमध्ये आहे, एचपीच्या काही मॉडेलला बायोसमध्ये आहे. सापडत नसेल तर आणा, लावून देतो, पैसे नाहीत त्याचे. महिनाभर बंद ठेवणार असाल तर अर्धी चार्ज करून ठेवा.

टचपॅड वर आल्यासारखा वाटला, खालचं झाकण एका बाजूने उचललं गेलं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी बंद करा, चार्जर काढा आणि आमच्याकडे आणा. दाबून झाकण बसवू नका, टाचणी तर चुकूनही नको. एक काका "गॅस झालाय, काढून टाकू" म्हणत होते, नशीब आधी फोन केला. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, परसात जाळू तर मुळीच नका, आम्हाला द्या, आम्ही ई-कचऱ्याकडे पाठवतो.

दमट हवा, धूळ, मुंग्या

गादीवर, उशीवर, गोधडीवर ठेवून लॅपटॉप वापरला की खालून हवा घेणारी जाळी बंद होते. मग प्रोसेसर तापतो आणि जास्तच तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, तुम्हाला वाटतं लॅपटॉप स्लो झाला. खाली पाट ठेवा, ताट ठेवा, काहीही कडक ठेवा. दोन वर्षांतून एकदा पंखा साफ करून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलून घ्या. घरी फुंकर मारू नका, आणि कृपा करून पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेऊ नका, हसू नका, एकाने खरंच घेतली होती. त्या हवेबरोबर पाण्याचे थेंब येतात आणि पंखा इतक्या जोरात फिरतो की त्याची बेअरिंग जाते.

पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवणं हे तो वापरण्यापेक्षा वाईट. दोन-तीन दिवसांतून अर्धा तास चालू ठेवलात तर आतली ऊब ओल बसू देत नाही. बाहेरून भिजून आलात तर बॅगेतून बाहेर काढा, बॅग ओली आणि आत लॅपटॉप असं रात्रभर नको. बूट किंवा पर्सबरोबर मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, बॅगेत टाका. कीबोर्डवर शेव खाऊ नका, मुंग्या होतात, आणि झाल्याच तर जाळीत स्प्रे मारू नका. मुंग्या मरतात आणि बोर्डपण.

स्क्रीन पुसायला काचेचा स्प्रे नको, किंचित ओलं मऊ कापड पुरे. उघडताना एका कोपऱ्याला धरून उघडलं की बिजागरी जाते, मधोमध धरा. झाकण मिटताना आत पेन राहिलं नाही ना बघा, स्क्रीनचा भाव विचारलात तर कळेल का सांगतोय.

चहा सांडला तर

ओरडाआरडा नंतर. आधी चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून लॅपटॉप बंद करा, मग उघडाच ठेवून तंबूसारखा उलटा करा म्हणजे कीबोर्ड खाली येऊन पाणी बाहेर गळेल. चालतोय का बघायला पुन्हा चालू करू नका. पाण्याने बोर्ड लगेच मरत नाही, ओल्या बोर्डात करंट सोडला की मरतो. तांदळात ठेवून काही होत नाही, उलट जाळीत तांदूळ अडकतात, आणि हेअर ड्रायरने पाणी आणखी आत जातं. चहा साध्या पाण्यापेक्षा वाईट, साखर सुकून बोर्डावर चिकटते आणि हळूहळू गंज धरतो, म्हणून "सुकला, चालतोय, काही झालं नाही" म्हणणारे तीन आठवड्यांनी येतात. त्याच दिवशी आणलात तर उघडून आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपाईल अल्कोहोलने, धुतो आणि बऱ्याच वेळा वाचतो. सोमवारी, म्हणजे दुकान बंद असताना, सांडला तर दुकानाच्या नंबरवर फोन करा, उचलतो.

बॅकअप

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात आलं तेव्हा तळमजले बुडाले, आमचं दुकानही त्यात होतं. नंतर कित्येक दिवस लोक चिखलाने भरलेले लॅपटॉप पिशव्यांतून आणत होते. त्यातल्या बऱ्याच जणांकडे बॅकअप होता बरं का, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर व्यवस्थित घेतलेला, फक्त ती डिस्क लॅपटॉपच्याच कपाटात, त्याच खणात. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला विचारतो की बॅकअप आहे का, आणि मग विचारतो की तो कुठे आहे. एक प्रत घरात ठेवा, एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या बहिणीकडे नाहीतर क्लाऊडवर. आणि आताच्या एसएसडीवरून, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या नव्या चिपवाल्या डिस्कवरून, डिलीट झालेलं परत मिळणं जुन्या हार्ड डिस्कपेक्षा फार अवघड आहे, कारण विंडोज त्या जागा लगेच मोकळ्या करायला सांगते. बंद पडलेल्या एसएसडीचं तर बोलूच नका.

अजून दोन गोष्टी

स्क्रीनवर अचानक "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका, कंपनी असा नंबर दाखवत नाही. कुणी स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे लांब जातात.

जुना लॅपटॉप मुलांना देणार असाल तर विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे लक्षात घ्या. इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढचा असेल तर बहुतेक विंडोज ११ बसते, दाखवायला आणा. त्याआधीचा असेल तर त्यात पैसे घालायचे की नाही ते आम्ही खरं सांगू, फक्त ऐकून रागावू नका.

दुरुस्तीला येताना चार्जर आणा, बिल आणा, आणि ज्याला पासवर्ड माहितीये त्या माणसाला आणा. सोमवारी बंद. गणपतीत पहिले दोन दिवस बंद, नंतर चालू, कारण मुंबईहून आलेले चाकरमानी ओटीवर बसून ऑफिसचं काम करतात आणि आरतीच्या गडबडीत कुणीतरी लॅपटॉपवर तांब्या उपडा करतोच.