विडंबन-महाकाव्य

एखाद्या क्षुल्लक घटनेचे महाकाव्याच्या उदात्त शैलीत वर्णन करून तिच्यातील माणसांचा उपहास करणारी दीर्घ कविता म्हणजे विडंबन-महाकाव्य. काव्यदेवतेचे आवाहन, देवांचा हस्तक्षेप, वीराचे शस्त्रधारण, रणवर्णन, पाताळयात्रा, लांबत जाणाऱ्या उपमा ही ग्रीक कवी होमर आणि रोमन कवी व्हर्जिल यांच्या काव्यांतील सारी सामग्री येथे गांभीर्याने वापरलेली असते. बदलतो तो विषय. त्यामुळे उपहासाचा रोख महाकाव्यावर नसतो, तर त्याच्या मापाने मोजल्यावर खुजे ठरणाऱ्यांवर असतो.

याच्या नेमके उलट रूप सतराव्या शतकात फ्रान्समध्ये लोकप्रिय होते. लेखक पॉल स्कारों याने व्हर्जिलचे कथानक घेऊन ते हलक्या बोलीत मांडले. फ्रेंच कवी बोआलोने स्वतःच सांगितलेला भेद असा: त्या प्रकारात व्हर्जिलची राणी डायडो आणि वीर ईनीअस कोळणी-हमालांसारखे बोलतात, तर बोआलोच्या काव्यात घड्याळजी आणि त्याची बायको डायडो-ईनीअससारखी बोलतात. चर्चमधील एक वाचनपीठ कोठे ठेवावे, यावरून पाद्र्यांत जुंपलेले भांडण हा त्याच्या ‘ल ल्युत्रें’चा (१६७४) विषय. त्याआधी इटलीत पळवून नेलेल्या एका बादलीवरून दोन शहरांत पेटलेले युद्ध कवी तास्सोनीने रंगवले होते (१६२२). या परंपरेचे मूळ प्राचीन ग्रीक ‘बेडूक-उंदरांच्या युद्धा’त आहे. त्यात देवांचा राजा झ्यूस याच्या वज्रालाही न जुमानणारी लढाई अखेर खेकड्यांच्या फौजेमुळे थांबते.

या प्रकाराची सर्वोत्तम कृती म्हणजे इंग्रज कवी अलेक्झांडर पोपची ‘द रेप ऑफ द लॉक’. लॉर्ड पीटर याने अ‍ॅराबेला फर्मर हिच्या केसांची बट कापल्यामुळे दोन घराण्यांत आलेले वितुष्ट मिटावे, म्हणून ती लिहिली गेली. १७१२ मध्ये दोन सर्गांत प्रसिद्ध झालेली ही कविता १७१४ मध्ये पाच सर्गांची झाली आणि देवांच्या जागी वायुरूप ‘सिल्फ’ आले. नायिकेचा शृंगार योद्ध्याच्या शस्त्रसज्जतेसारखा चालतो, पत्त्यांचा डाव रणसंग्राम होतो, आणि प्रसाधनांच्या मेजावर पावडर, बायबल व प्रेमपत्रे एकाच ओळीत येतात. शील डागाळणे आणि नवे वस्त्र डागाळणे ही संकटे एकाच क्रियापदाला जोडून पोप त्या समाजाची मूल्यव्यवस्था उघडी पाडतो. परंतु केवळ उपहासावर ही कविता टिकली नसती. भव्य शैलीच्या प्रकाशात ते मेज खरोखरच सुंदर दिसते, आणि ज्या जगाला कवी हसतो त्याच्या मोहकतेची जाणही त्याला आहे, हे ओळीओळीतून जाणवते. पुढे होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर करणाऱ्या या कवीला महाकाव्याविषयी मनापासून आदर होता. तो नसता तर हा तोल साधलाच नसता.

इंग्रज कवी ड्रायडनच्या ‘मॅक फ्लेक्नो’मध्ये (१६८२) हीच शैली अधिक कठोर होते: तेथे मूर्खपणाच्या साम्राज्याचा वारस म्हणून नाटककार शॅडवेलचा राज्याभिषेक होतो. त्याच वाटेने जाणाऱ्या पोपच्या ‘डन्सिअड’मध्ये (१७२८, अंतिम रूप १७४३) सुमार लेखकांचा उपहास करता करता संस्कृतीच्याच विनाशाची भीती प्रकट होते. ही रीत गद्यातही शिरली. ‘टॉम जोन्स’ (१७४९) या कादंबरीत हेन्री फील्डिंगने चर्चच्या आवारातील गावकऱ्यांची मारामारी होमरच्या थाटात वर्णिली आहे.