बीसीच्या स्टीलहेड नद्यांवर गळ टाकायचाय? क्लासिफाइड वॉटर्सचं लायसन्स कोणाला लागतं, कसं काढायचं

ब्रिटिश कोलंबियातले आपले बरेच लोक हल्ली रॉड घेऊन नदीवर जातात, आणि सप्टेंबर आला की प्रश्न ठरलेला: साधं फिशिंग लायसन्स आहे, मग बल्कलीवर चालेल ना? नाही चालत. बल्कली, किस्पिऑक्स, बॅबीन या स्कीना खोऱ्यातल्या नद्यांवर स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट मासा) जगभरातून लोक येतात आणि चांगल्या जागा मोजक्याच. तिथे रिवाज असा की नदीच्या त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला उभं राहून गळ टाकायचा, मग एक पाऊल खाली सरकायचं, परत टाकायचा, असं करत शेवटपर्यंत जायचं आणि मागच्याला जागा द्यायची. मधेच कोणी घुसला की सगळी रांग अडते. ही गर्दी आवरायला प्रांत सरकारने १९९० साली क्लासिफाइड वॉटर्सची पद्धत आणली. नद्यांचे क्लास वन आणि क्लास टू असे दोन वर्ग, वर्षाच्या ठराविक काळात तिथे वेगळं लायसन्स, आणि गाइड लोकांनाही वर्षाला किती दिवस गिऱ्हाइकं आणता येतील याचा कोटा. मला ही पद्धत पटते, कारण नदी बंद न करता माणसं आणि दिवस वाटून दिलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कुठल्या कॅटेगरीत बसता ते, कारण फी, दिवस, वार सगळं त्यावरच. कॅनडाचे सिटिझन किंवा पीआर (परमनंट रेसिडेंट) असाल, मुख्य घर बीसीत असेल आणि अर्जाआधीच्या १२ महिन्यांपैकी ६ कॅलेंडर महिन्यांत प्रत्येकी निम्म्याहून जास्त काळ इथेच असाल तर तुम्ही रेसिडेंट. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवाले पण रेसिडेंट होऊ शकतात हे खूप जणांना माहीतच नसतं, त्यांचं मुख्य घर बीसीत हवं आणि मागच्या १२ च्या १२ महिन्यांत प्रत्येकी निम्म्याहून जास्त काळ बीसीतच गेलेला हवा. टोरंटो-कॅलगरीचे सिटिझन आणि पीआर नॉन-रेसिडेंट. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे नॉन-रेसिडेंट एलियन, म्हणजे परदेशी.

अर्ज ऑनलाइन होतो. आधी फिश अँड वाइल्डलाइफ आयडी, म्हणजे एफडब्ल्यूआयडी नंबर काढायचा. बीसी सर्व्हिसेस कार्डने (प्रांताचं ओळखपत्र) लॉगिन केलंत तर काम सोपं, नाहीतर फोटो आयडी आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवा. पाहुण्यांसाठी बेसिक बीसीईआयडी (प्रांताच्या वेबसाइट्सचं लॉगिन खातं) आणि पासपोर्ट. ऑनलाइन जमत नसेल तर सर्व्हिस बीसीच्या, म्हणजे प्रांताच्या सरकारी सेवांच्या ऑफिसात जा.

मग बेसिक लायसन्स, त्यावर क्लासिफाइड वॉटर्स लायसन्स, आणि स्टीलहेडचा वेगळा सरचार्ज. हा सरचार्ज काही नद्यांवर ठराविक महिन्यांत स्टीलहेडच्या मागे नसलात तरी भरावाच लागतो. क्लासिफाइडची फी रेसिडेंटला वर्षाची १५ डॉलर, बाहेरच्यांना मात्र दिवसावर, क्लास टू ला २० आणि क्लास वन ला ४० डॉलर (फी बदलू शकते, भरताना बघून घ्या). लायसन्सचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, त्यामुळे मार्चमध्ये काढलेलं एप्रिलमध्ये चालत नाही. समुद्रासाठी काढलेलं फेडरल लायसन्सही नदीवर चालत नाही. १६ वर्षांखालच्या रेसिडेंट मुलांना लायसन्स लागत नाही.

बाहेरच्यांनी अर्जातच नदी आणि तारखा टाकायच्या असतात, आणि इथेच गडबड होते. झायमोएट्झ नदीला स्थानिक लोक कॉपर म्हणतात, नियमपुस्तकात ती झायमोएट्झ नावानेच सापडते, आणि तिचे दोन भाग वेगवेगळ्या वर्गात आहेत. कुठल्या भागात उभं राहायचंय ते नकाशावर नीट बघा आणि मगच पैसे भरा. डीन नदीच्या क्लास वन भागासाठी गाइड न घेता येणाऱ्या परदेशी माणसाला सीझनआधी ड्रॉमध्ये नाव द्यावं लागतं.

नदीवर गेल्यावर सिंगल आणि बिनकाट्याचा हुक, आणि जंगली (हॅचरीत न वाढवलेला) स्टीलहेड लागला की सोडायचा, शक्यतो पाण्याबाहेर न काढताच.

आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर एक गोष्ट नक्की तपासा. किस्पिऑक्ससारख्या काही नद्यांवर सीझनमध्ये शनिवार-रविवार कॅनडात राहणाऱ्यांसाठी राखीव असतात, गाइडशिवाय आलेल्या परदेशी पाहुण्यांना त्या दिवशी गळ टाकता येत नाही, तुमच्याकडे लायसन्स असलं तरी त्यांना ते लागू होत नाही. तुम्हाला सुट्टी शनिवार-रविवारीच असते हे मान्य, पण त्यांच्या तारखा मधल्या वारांच्या टाका आणि एखादी रजा घ्या.